धंद्याची वही (भाग 6) : आधी भट्टी, मग सॉफ्टवेअर

गेल्या आठवड्यात किर्द आणि खतावणी पाहिली. त्यावर वाचकांचा एकच प्रश्न आला : "हे सगळं कॉम्प्युटरवर करायचं तर कोणतं सॉफ्टवेअर चांगलं?" याला एका शब्दात उत्तर देणारे तालुक्याला पाच-दहा भेटतील. त्यातल्या बहुतेकांकडे त्याच सॉफ्टवेअरची एजन्सी असते. मीही एकदा असंच एका शब्दात उत्तर देऊन फसलो होतो.

भूम तालुक्यातल्या एका खवा भट्टीची ही गोष्ट. कुंथलगिरीच्या खव्यामुळे हा डोंगराळ पट्टा लांबपर्यंत ओळखला जातो. मालक ओळखीचे, माल पुण्याला आणि हैदराबादला जायचा. त्यांनी विचारलं, मी एक बिलिंगचं सॉफ्टवेअर सुचवलं. त्याचं बिल देखणं निघायचं. गिऱ्हाईक तेलंगणातलं असलं की जीएसटी क्रमांकाच्या सुरुवातीचे 36 हे आकडे ओळखून आपोआप आयजीएसटी लागायचा, पुण्याचं असलं की 27 वरून सीजीएसटी आणि एसजीएसटी. मालक खूश झाले, मीही झालो. महिनाभरातच एका शेतकऱ्याची उचल दोनदा कापली गेली, भट्टीवर आवाज चढले आणि तिसऱ्या दिवशी जुनी लांबट वही परत गल्ल्यावर आली.

चूक सॉफ्टवेअरची नव्हती, माझी होती. मी बिलाकडे पाहिलं, वहीकडे पाहिलंच नाही.

नंतर जाऊन ती वही नीट वाचली. एका पानावर एक शेतकरी. सकाळचे लिटर, संध्याकाळचे लिटर. मध्येच "पेंड 1 पोतं", "उचल 2000", एखाद्या दिवशी "खाडा". आणि पानाच्या डोक्यावर पेन्सिलीनं एक आकडा, 210 किंवा 195. हा उतारा. या भट्टीवर दुधाचा भाव फॅटवर ठरत नाही. अधूनमधून, न सांगता, प्रत्येकाच्या दुधातलं एक लिटर बाजूला काढून छोट्या कढईत आटवतात. जितके ग्रॅम खवा निघेल तो त्याचा उतारा. समजा खव्याचा भाव किलोला 260 आणि भट्टीची मजुरी 30, तर शेतकऱ्याला उरले 230. उतारा 210 असेल तर लिटरला 48 रुपये 30 पैसे आणि 195 असेल तर 44 रुपये 85 पैसे. दिवसाला 40 लिटर घालणाऱ्याला दहा दिवसांच्या पगारात 1380 रुपयांचा फरक. पेन्सिल एवढ्यासाठीच, कारण हा आकडा बदलतो. आणि मी दिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये खरेदीला एकच भाव लिहिता येत होता. मालकांचा मुलगा दर दहा दिवसांनी कॅल्क्युलेटरवर प्रत्येकाचा भाव काढून हातानं भरत बसायचा, आणि पेंड-उचल वेगळ्या कागदावर. तिथेच उचल दोनदा कापली गेली.

यातून एक गोष्ट डोक्यात बसली. बाजारातली बिलिंगची सॉफ्टवेअर दुकान डोळ्यांपुढे ठेवून केलेली असतात : माल देणारे चार-पाच, घेणारे शेकडो. त्यामुळे सगळी हुशारी विक्रीच्या बाजूला. आपल्या धाराशिव जिल्ह्यातले धंदे बरेचसे याच्या उलट आहेत. दूध, सोयाबीन, गुळासाठी ऊस. माल देणारे दोनशे-तीनशे शेतकरी, प्रत्येकाचं वेगळं खातं, वेगळी उचल, वेगळी कपात. आणि माल घेणारे मोजून चार. बिलं महिन्याला पंधरा फाडायची, पण खरेदीच्या नोंदी दिवसाला पाचशे. ओझं ज्या टोकाला आहे ते टोक धरून सॉफ्टवेअर पाहायचं, हे मला तेव्हा सुचलं नाही.

अडतीवर गेलात तर हेच दिसेल. शेतकऱ्याच्या पट्टीत हमाली, तोलाई, बारदाना, शिवाय सोयाबीनच्या ओलाव्याची घट. हमीभावाच्या खरेदीला ओलाव्याची मर्यादा 12 टक्के असते. 2024 च्या खरिपात केंद्रानं ती 15 पर्यंत वाढवून दिली. म्हणजे घटीचा हिशेब सॉफ्टवेअरमध्ये कायमचा ठोकून बसवलेला चालत नाही, तो आपल्याला बदलता आला पाहिजे. प्रत्येक वेळी "इंजिनिअर येईल" असं ऐकावं लागत असेल तर ते सॉफ्टवेअर भर हंगामात अडकणार.

गंमत म्हणजे ज्या टॅलीचं नाव आपण हिशेबाचं दुसरं नाव म्हणून घेतो, तिचा जन्मही याच अडचणीतून झाला. श्यामसुंदर गोएंका गिरण्यांना यंत्रांचे सुटे भाग आणि कच्चा माल पुरवायचे. आपल्या धंद्याला बसेल असं सॉफ्टवेअर त्यांना बाजारात मिळेना, म्हणून गणित शिकलेल्या मुलाला, भरतला, त्यांनी ते लिहायला सांगितलं. 1986 साली कंपनी सुरू झाली. आपण काही मुलाला सॉफ्टवेअर लिहायला बसवणार नाही, पण खरेदी करण्याआधी तेवढा चिकटपणा दाखवायला हरकत नाही.

दाखवायचा कसा? विक्रेता लॅपटॉप घेऊन येतो आणि "एबीसी ट्रेडर्स"ला दहा नग विकून दाखवतो. त्यात सगळंच छान दिसतं. त्याला चहा द्या आणि आपले कागद पुढे ठेवा. नेहमीचे नकोत, त्रासाचे द्या. दूध फाटलं त्या दिवसाचा कागद. पुण्याहून माल परत आला तो. एकाच गावातले, नाव-आडनाव सारखं असलेले दोन शेतकरी. पेंडीचे पैसे पगारापेक्षा जास्त झाले आणि बाकी पुढे ओढली तो पगार. आणि कीबोर्डवर विक्रेत्याला बसू देऊ नका. रोज जो बसणार आहे, तुमचा मुलगा किंवा दिवाणजी, त्याला बसवा. तासाभरात कळतं.

नावांवरून आठवलं. 2023 मध्ये जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे धाराशिव झालं. एका व्यापाऱ्याच्या यादीत तेव्हापासून एकाच गिऱ्हाइकाची दोन खाती होती, एक "उस्मानाबाद" म्हणून, दुसरं "धाराशिव". माल एकात, जमा दुसऱ्यात. वर्षभर त्या सज्जनाकडे उधारी थकलेली दिसत होती. दोन खाती एकत्र करायची सोय आहे का, हाही प्रश्न विचारून ठेवा.

आता कायद्याचं थोडं. जीएसटीची कागदपत्रं त्या वर्षाचं वार्षिक विवरणपत्र भरायच्या शेवटच्या तारखेपासून 72 महिने जपावी लागतात. कंपनी असेल तर हिशेबाच्या वह्या 8 वर्षं. आणि कंपनी म्हटल्यावर फक्त पुण्या-मुंबईच्या डोळ्यांसमोर आणू नका. आपल्याकडच्या शेतकरी उत्पादक कंपन्या कंपनी कायद्याखालीच नोंदलेल्या आहेत. 1 एप्रिल 2023 पासून कंपनीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणती नोंद कधी बदलली याची खूण राहिलीच पाहिजे आणि ती बंद करता येता कामा नये. साध्या एक्सेलवर हिशेब ठेवणाऱ्या उत्पादक कंपनीला लेखापरीक्षक शेरा मारतो तो यामुळे. एकट्याच्या नावावरच्या भट्टीला हा नियम लागत नाही.

चोरीच्या कॉपीबद्दल फार बोलत नाही. "फुकटात चालू करून देतो" म्हणणारे सगळीकडे आहेत. 22 सप्टेंबर 2025 ला जीएसटीचे दर बदलले, तूप 12 टक्क्यांवरून 5 वर आलं, तेव्हा अशा जुन्या कॉपीवाल्यांची काय पळापळ झाली ती पाहिलेली आहे.

त्यापेक्षा एक प्रश्न पैसे देण्याआधी विचारा, तोही नवं सॉफ्टवेअर सुरू असताना : "माझा सगळा डेटा एक्सेलमध्ये बाहेर काढून दाखवा, आत्ता." जे सॉफ्टवेअर डेटा आत घेतं आणि बाहेर देत नाही ते दर वर्षी नूतनीकरणाच्या वेळी तुमच्याशी कसं बोलेल, हे सांगायला नको. डोंगरपट्ट्यात लाइट आणि रेंज जाते, तेव्हा इंटरनेटशिवाय नोंद होते का हेही त्याच बैठकीत पाहून घ्या.

भट्टीचं पुढे काय झालं? हिशेब टॅलीवरच ठेवला, कारण कर सल्लागाराला तेच येतं. ही कमी लेखायची गोष्ट नाही. खरेदीसाठी वेगळं दूध संकलनाचं सॉफ्टवेअर घेतलं, डेअऱ्या वापरतात तसलं. काट्यावरून वजन थेट घेतं, पेंड आणि उचल कापून दहा दिवसांचा पगार काढतं. दोन सॉफ्टवेअर म्हणजे दुप्पट काम असं अनेकांना वाटतं, पण इथे दहा दिवसांतून एकदा एकूण खरेदीची एकच नोंद टॅलीत जाते.

उताऱ्याची अडचण मात्र राहिलीच होती, कारण या सॉफ्टवेअरलाही फॅटच कळते. ती मालकांच्या मुलानं सोडवली. फॅटचा दरतक्ता आपल्याला बदलता येतो हे त्यानं पाहून ठेवलं होतं. त्यानं फॅटच्या जागी उतारा लिहिला, 210 ग्रॅमला 21.0, 195 ला 19.5, आणि समोर भाव. आता पावतीवर छापून येतं : फॅट 21.0. गावातल्या सगळ्यांना त्याचा अर्थ कळतो. फक्त पलीकडच्या वस्तीवरचा एक पोरगा पहिल्यांदा दूध घालायला आला, पावती उलटसुलट करून पाहिली आणि विचारता झाला, "काका, ही 21 फॅटची म्हैस कुठं मिळती?"