कोंबडीची घरघर ऐकू आली तर

(आपल्या रेडिओवर संध्याकाळच्या कार्यक्रमात एका पशुसखी ताईंनी केलेलं हे बोलणं. बचत गटांच्या बैठकीत वाचता यावं म्हणून छापत आहोत.)



भाकरी थापायची वेळ आहे, हात पिठात असतील. असू द्या. कान तेवढे इकडे ठेवा, कारण आजचं काम कानाचंच आहे.

मी पशुसखी आहे. दिवाळी सरून थंडी पडली की माझ्याकडे एकच विचारणा येते, "ताई, कोंबडी घरघर करतीया, चोच उघडून श्वास घेतीया. काय देऊ?" प्रत्येकीला आधी औषधाचं नाव हवं असतं. मी उलट विचारते, "कोंबडी आत्ता कुठं आहे?" बहुतेकदा उत्तर येतं, "आहे की, बाकीच्यांबरोबर खुराड्यात." खरी अडचण तिथंच आहे.

मी हे का विचारते, ते सांगते. पशुसखी होण्याआधीची गोष्ट. माझी एक अंड्यावरची कोंबडी शिंकायला लागली, रात्री घरघर करायला लागली. मला वाटलं, मरायच्या आत विकलेली बरी. वस्तीवरच्या एका वहिनींना घरची कोंबडी हवीच होती. तीनशे रुपयांना दिली. घरघर सांगितली नाही. आठवड्याच्या आत त्यांच्या चौदा कोंबड्यांपैकी नऊ गेल्या, माझ्याही खुराड्यातल्या चार गेल्या. वहिनी त्या अंड्यांच्या पैशातून लेकीची वह्या-पुस्तकं घ्यायच्या. त्यांनी मला एवढंच विचारलं, "तुला ठाऊक होतं का गं?" मी तीनशे रुपये परत केले. नऊ कोंबड्या काही परत करता आल्या नाहीत.

म्हणून आज औषधाच्या आधीचं सांगते.

आधी ओळखायचं कसं

चांगली कोंबडी चोच मिटून श्वास घेते आणि तिच्या श्वासाचा आवाज येत नाही. रात्री कोंबड्या खुराड्यात बसून तासभर झाला, सगळं शांत झालं, की खुराड्याला कान लावा. घरघर, शिट्टीसारखा आवाज, खोकल्यासारखी उचकी, शिंक, यातलं काही ऐकू आलं तर सकाळी एकेक कोंबडी हातात घेऊन बघा.

नाकपुड्या ओल्या किंवा चिकटलेल्या आहेत का? डोळ्याच्या कोपऱ्यात साबणासारखा फेस आहे का? डोळ्याखाली सूज? खांद्याजवळची पिसं मळकी, चिकट दिसली तर समजा की ती नाक पिसांना पुसते आहे. तुरा फिका किंवा निळसर पडलाय का? विष्ठा हिरवी, पातळ आहे का? चोच उघडून आतही बघा.

एक फरक लक्षात ठेवा. उन्हाळ्यात भर दुपारी कोंबडी चोच उघडून, पंख अंगापासून लांब धरून धापा टाकते. सावली आणि गार पाणी मिळालं की ती थांबते. नाक-डोळे स्वच्छ असतात. तो उन्हाचा त्रास, हा आजार नव्हे. आजारी कोंबडी सकाळच्या गारव्यातही चोच उघडते.

घरघर एक, कारणं अनेक

कधी आजार नसतोच. बंद खुराडं, ओली विष्ठा, चुलीचा धूर. खुराड्यात डोकं घातल्यावर तुमच्या डोळ्यांना झोंबलं, तर रात्रभर तीच हवा घेणाऱ्या कोंबडीचं काय होत असेल? अशा वेळी खुराडं कोरडं, हवेशीर केलं की पुष्कळ फरक पडतो.

रेंगाळणारी सर्दी वेगळी. घरघर, डोळ्यात फेस, अंडी कमी होतात, पण कोंबडी पटकन मरत नाही. डॉक्टर याला सीआरडी म्हणतात. हा आजार अंड्यातून पिल्लातही उतरतो. म्हणून घरघर करणाऱ्या कोंबडीची अंडी खुडूक कोंबडीखाली उबवायला ठेवू नका.

तोंड सुजलंय, नाकातून घाण वास येतोय, तर तो कोरायझा असू शकतो. तोंडात, घशात पिवळट-पांढरे चट्टे दिसले तर देवीचा रोग असू शकतो. ते चट्टे खरवडू नका, रक्त येतं.

आणि मानमोडी, म्हणजे राणीखेत. उत्तराखंडातल्या राणीखेत गावी हा रोग आढळला म्हणून ते नाव पडलं. धाप लागते, हिरवी पातळ विष्ठा होते, मान वळते, पाय-पंख लुळे पडतात आणि एकामागोमाग कोंबड्या जातात. याच्यावर औषध नाही, फक्त आधी टोचलेली लस आहे.

हे सगळे आजार सुरुवातीला सारखेच वाटतात. आपण घरात बसून नाव ठरवायचं नाही, ते डॉक्टरांचं काम. आपलं काम पहिल्या संध्याकाळचं.

त्याच संध्याकाळी काय करायचं

पहिलं, कोंबडी वेगळी करा. उद्या नाही, आजच. डालग्याखाली किंवा खोक्यात, घराच्या दुसऱ्या अंगाला ठेवा. तीन बाजूंनी पोतं लावा, एक बाजू हवेला मोकळी ठेवा. वारा अंगावर येऊ नये, पण हवा खेळावी. ऊब हवी म्हणून चुलीजवळ ठेवू नका, धुराने श्वास आणखी कोंडतो. खाली कोरडं तूस किंवा भुसा पसरा आणि रोज बदला.

दुसरं, तिचं पाण्याचं भांडं वेगळं. आधी चांगल्या कोंबड्यांचं दाणापाणी करा, आजारी कोंबडीचं शेवटी. मग साबणाने हात धुवा, चपला धुवा. आजार आपल्या हातापायांवरूनही खुराड्यात जातो.

तिसरं, नाक-डोळे पुसा. पाव लिटर पाणी उकळून कोमट करा, त्यात अर्धा लहान चमचा मीठ घाला. स्वच्छ फडक्याचा तुकडा भिजवून हलक्या हाताने पुसा. एका डोळ्याला वापरलेला तुकडा दुसऱ्याला लावू नका. काम झालं की तुकडे जाळून टाका.

चौथं, पाणी पाजताना जपा. कोंबडीच्या जिभेच्या मागेच श्वासनळीचं तोंड असतं. चमच्याने किंवा पिचकारीने घशात पाणी ओतलं तर ते छातीत जातं आणि कोंबडी आपल्याच हाताने गुदमरते. चोचीचं टोक पाण्यात बुडवा, ती आपली आपण पिते. ज्वारी-बाजरीचा भरडा भिजवून किंवा मऊ भात थोडा थोडा द्या. संध्याकाळी गळ्याखालची पिशवी चाचपून बघा. रिकामी लागली तर तिने दिवसभर खाल्लेलं नाही. डॉक्टरांना ते सांगा.

आता काय करायचं नाही ते. नाकात रॉकेल, गोडतेल, तंबाखूचं पाणी घालू नका. माणसाची गोळी अर्धी मोडून देऊ नका. हळद, लसूण खाण्यात घातलंत तर माझी हरकत नाही, पण त्यावर भिस्त ठेवून चार दिवस घालवू नका.

डॉक्टरांना काय सांगायचं

जनावरांच्या सरकारी दवाखान्यात जा किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करा. तो फुकट आहे. नुसतं "कोंबडी आजारी आहे" म्हणू नका. एकूण कोंबड्या किती, आजारी किती, कधीपासून, विष्ठेचा रंग कसा, अंडी कमी झाली का, लस कधी टोचली, गेल्या महिन्यात बाहेरून कोंबडी आणली का, हे सांगा. डॉक्टरांना त्यावरून पुष्कळ कळतं.

औषध दिलं तर सांगितलेले सगळे दिवस द्या. दोन दिवसांत बरी वाटली म्हणून थांबवू नका. आणि विचारा, "या औषधानंतर अंडी आणि मांस किती दिवस खायचं नाही?" ती तारीख भिंतीवर कोळशाने लिहून ठेवा. त्या दिवसांतली अंडी घरात खायची नाहीत, विकायचीही नाहीत.

एक इशारा. एकदम बऱ्याच कोंबड्या मरायला लागल्या, डोकी सुजली, तुरे जांभळे पडले, तर हात लावू नका, कापू नका, मुलांना लांब ठेवा आणि लगेच दवाखान्याला कळवा. भारतात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला, फेब्रुवारी २००६ मध्ये. तेव्हा हे दुसऱ्या देशातलं दुखणं म्हणून सोडून देऊ नका.

एखादी कोंबडी मेली तर ती ओढ्यात, उकिरड्यावर टाकू नका. कुत्री ओढत नेतात आणि आजार गावभर फिरतो. खोल खड्डा करा, चुना टाका, पुरा.

विकायचा मोह

बायांनो, आपली कोंबडी म्हणजे आपला हातखर्च. मीठ-मिरची, मुलांची वही, कधी दवाखाना. त्या पैशाला घरात कुणी हिशेब विचारत नाही. म्हणून कोंबडी घरघरायला लागली की मन म्हणतं, सोमवारच्या बाजारात नेऊन टाक, निदान पैसे तरी येतील. मी तेच केलं होतं. पण बाजारातली आजारी कोंबडी कुणाच्या तरी खुराड्यात जाते आणि तिथून फिरून आपल्याच वस्तीत येते. आजारी कोंबडी विकायची नाही, वाटायची नाही, पाहुण्यांसाठी कापायची नाही.

बाजारातून आणलेली कोंबडी दिसायला कितीही छान असो, निदान दोन आठवडे वेगळी ठेवा. तीन ठेवल्यात तर आणखी बरं. बरी झालेली कोंबडीही कधी कधी आजार अंगात बाळगते, म्हणून बरी झाल्यावर तिलाही डॉक्टरांना विचारूनच सोडा.

हे काम गटाचं

मानमोडीची लस पिल्लू पाच-सात दिवसांचं असताना डोळ्यात किंवा नाकात एक थेंब घालतात. तिचं नाव लासोटा. मग साधारण आठव्या आठवड्यात पंखाजवळ कातडीखाली आर-टू-बी लस टोचतात. पुढची कधी, ते डॉक्टर सांगतील. आजारी कोंबडीला मात्र लस द्यायची नाही.

लशीची बाटली शंभर किंवा जास्त कोंबड्यांची येते. ती बर्फातच आणावी लागते आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. जिच्याकडे आठ कोंबड्या, ती एकटी काय करणार? म्हणून लस राहून जाते. पण दहा जणींच्या मिळून शंभर कोंबड्या सहज होतात. गटाच्या पुढच्या बैठकीत बचतीच्या वहीत एक पान कोंबड्यांसाठी ठेवा. कुणाकडे किती कोंबड्या, किती पिल्लं, लस कधी, एवढंच लिहा. एक सकाळ ठरवा, पशुसखीला बोलवा, बर्फाच्या डब्यातून लस आणवा, घरोघर फिरून बाटली संपवा.

आमच्या वस्तीवर आम्ही हेच करतो. पहिल्या वर्षी मी सगळ्यात आधी त्या वहिनींच्या दारात गेले. त्यांनी खुराडं उघडलं आणि एकेक कोंबडी माझ्या हातात दिली. त्या दिवसापासून आमच्यात एक ठरलंय, कुणाच्याही खुराड्यातून घरघर ऐकू आली की ती सकाळीच सगळ्या वस्तीला सांगायची. लपवायची नाही.

आज जेवणं उरकली की जाऊन खुराड्याला कान लावा. काही ऐकू आलं नाही तर निवांत झोपा. ऐकू आलं तर डालगं काढा आणि सकाळी शेजारणीला सांगा.