इंडोनेशियाचीं बेटें आणि मधला समुद्र

एखाद्या देशांत बेटें किती, हा प्रश्न वरकरणीं शाळेंतल्या भूगोलाचा वाटतो. इंडोनेशियाच्या बाबतींत मात्र तो राज्यकारभाराचा आणि कायद्याचा प्रश्न होऊन बसला आहे. पुष्कळ वर्षें १७,५०८ हा आंकडा सांगण्यांत येत असे. सन २०१७ मध्यें त्या सरकारनें संयुक्त राष्ट्रांच्या भूनामतज्ज्ञांपुढें १६,०५६ बेटांच्या नांवांची यादी मांडली. मधल्या काळांत दीड हजार बेटें बुडालीं, असा याचा अर्थ नव्हे. खडक, वाळूचा उंचवटा आणि बेट यांत फरक कोणता, येथूनच वादाला आरंभ होतो. आंतरराष्ट्रीय कायद्याप्रमाणें निसर्गतः बनलेला, चोहों बाजूंनीं पाण्यानें वेढलेला आणि भरतीच्या वेळींही पाण्यावर राहणारा भूभाग तेवढाच बेट ठरतो. ओहोटीच्या वेळीं मोजणी केल्यास आंकडा फुगावयाचाच!

पश्चिमेस सुमात्राच्या टोकापासून पूर्वेस पापुआच्या सरहद्दीपर्यंत हा देश तीन हजार मैलांहून अधिक लांब पसरला आहे. आपल्या निकोबार बेटांच्या दक्षिण टोकापासून त्याचें सर्वांत जवळचें बेट अवघ्या शंभरेक मैलांवर आहे. यवद्वीप, सुवर्णद्वीप हीं संस्कृत नांवें या शेजाराची साक्ष देतात. सन २०२० च्या गणतीप्रमाणें लोकसंख्या सत्तावीस कोटी. त्यांतील निम्म्याहून अधिक लोक एकट्या जावांत राहतात, आणि जावा तर साऱ्या देशाच्या भूमीचा जेमतेम चौदावा हिस्सा. उलट बोर्निओचा इंडोनेशियाकडील भाग अवाढव्य असून विरळ वस्तीचा आहे.

हीं बेटें एका कुळांतलीं नाहींत. आल्फ्रेड रसेल वॉलेस हा इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ सन १८५६ मध्यें बालीहून लोंबोकला गेला. मधली सामुद्रधुनी सुमारें वीस मैलांची. बालींत त्याला सुतार, तांबट असे आशिया खंडांतले ओळखीचे पक्षी दिसले होते. पलीकडे उतरतांच पांढरे काकाकुवे दिसूं लागले, जे ऑस्ट्रेलियाकडचे. याचें कारण समुद्राच्या खोलींत आहे. हिमयुगांत समुद्राची पातळी आजच्याहून सुमारें चारशें फूट खालीं होती. त्या वेळीं सुमात्रा, जावा, बोर्निओ व बाली हीं आशियाला जोडलेलीं होतीं, कारण त्यांच्यामधला समुद्र उथळ आहे. पापुआ ऑस्ट्रेलियाला जोडलेली होती. मात्र लोंबोकची सामुद्रधुनी इतकी खोल कीं, ती कधींच कोरडी पडली नाहीं. नकाशावर शेजारीं दिसणारीं हीं दोन बेटें लाखों वर्षें परकींच राहिलीं.

महाराष्ट्रांत श्रीखंडांत किंवा पुरणांत जायफळ किसून घालणाऱ्या गृहिणीला बांदा बेटांचें नांव क्वचितच ठाऊक असतें. अठराव्या शतकापर्यंत जगांतलें जायफळ आणि जायपत्री जवळजवळ सर्वस्वीं त्या चिमुकल्या बेटांतून येत असे. तो व्यापार एकहातीं ठेवण्याकरितां सन १६२१ मध्यें यान पीटर्सझून कून या डच अधिकाऱ्यानें तेथील बहुतेक प्रजा ठार केली, उपाशी मारली किंवा गुलाम करून नेली. त्यांतलेंच रन हें बेट लांबीला दोन मैलांचें. सन १६६७ च्या ब्रेडाच्या तहानें इंग्रजांनीं त्यावरचा हक्क सोडला आणि डचांनीं उत्तर अमेरिकेंतील आपल्या वसाहतीवरचा. त्या वसाहतींत मॅनहॅटन होतें. कोणाचा सौदा फायद्याचा ठरला, हें आतां सांगावयास नको.

डच सत्ता गेली, पण तिचा एक कायदा मागें राहिला. सन १९३९ च्या डच वटहुकुमानें प्रत्येक बेटाभोंवतीं तीन सागरी मैलांचें पाणी तेवढें देशाचें, बाकीचा समुद्र सर्वांना खुला, असें ठरलें होतें. स्वतंत्र इंडोनेशियाच्या पोटांतूनच परक्या आरमाराला वाट मोकळी राहिली. पश्चिम न्यू गिनीवरून हॉलंडशीं तंटा विकोपाला गेला, तेव्हां डच युद्धनौका जावा समुद्रांतून उजळ माथ्यानें फिरूं शकत. त्या भाषेंत मायभूमीला 'तानाह आइर' म्हणतात. तानाह म्हणजे भूमि आणि आइर म्हणजे पाणी. कायद्यानें मात्र त्यांतलें पाणी काढून घेतलें होतें.

१३ डिसेंबर १९५७ रोजीं पंतप्रधान जुआंदा यांनीं जाहीर केलें कीं, बेटांमधला सारा समुद्र देशाचाच. अमेरिका, ब्रिटन व हॉलंड यांनीं निषेध नोंदविला. पंचवीस वर्षें वाटाघाटी चालल्या आणि सन १९८२ च्या समुद्रविषयक करारांत द्वीपसमूह-राष्ट्र ही कल्पना मान्य झाली. तो करार १९९४ मध्यें अमलांत आला. सर्वांत बाहेरच्या बेटांचीं टोकें सरळ रेषांनीं जोडावयाचीं आणि आंतलें पाणी त्या राष्ट्राच्या सत्तेखालीं धरावयाचें. एक रेषा सामान्यतः शंभर सागरी मैलांहून लांब असतां कामा नये. परक्या जहाजांच्या येण्याजाण्याचा हक्क मात्र राखून ठेवला आहे. त्यावांचून मोठीं राष्ट्रें कबूल होतीं ना.

याचा परिणाम असा कीं, ज्या खडकाकडे कोळीही ढुंकून पाहत नसे, त्याला राज्याच्या कोनशिलेचें मोल आलें. बोर्निओच्या ईशान्येस सिपादान व लिगितान हीं दोन इवलीं बेटें आहेत. इंडोनेशिया व मलेशिया यांचा त्यांवरील वाद हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयांत गेला. सन २००२ मध्यें निकाल मलेशियाकडे लागला. ब्रिटिश अमलांत तेथें कासवांचीं अंडीं गोळा करण्यावर नियम घातले गेले, पुढें दीपगृहें उभारलीं गेलीं, आणि इंडोनेशियाकडून त्या काळांत त्याला हरकत घेतली गेली नव्हती, हें न्यायालयानें महत्त्वाचें मानलें.

दुसरें उदाहरण सिंगापूरसमोरच्या निपा बेटाचें. सिंगापूरबरोबरची सागरी सीमा आंखण्यांत तें आधारबिंदु धरलेलें आहे. लाटा व वाळूचा उपसा यांनीं तें इतकें झिजलें कीं, भरतीच्या वेळीं जेमतेम वर राही. सन २००३ मध्यें इंडोनेशियानें समुद्रांतील वाळूची निर्यात बंद केली आणि त्यानंतर निपावर भराव घालून, दगडी बांध रचून तें वर उचललें.