मज्जारोपणानंतर उलटलेले दुखणे

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८३ साली डॉ. सुरेश अडवाणी यांनी अस्थिमज्जारोपण केले. भारतातले ते पहिले. आज पुण्यातही अशी रोपणे होतात. त्यामुळे ‘मज्जा बदलली’ हे शब्द आपल्या पेठांतूनही कानी येतात आणि कधी त्यामागून येतो तो आर्त प्रश्न : सगळी मज्जाच बदलली, तर रक्ताचा कर्करोग उलटला कसा?

या प्रश्नातच समजुतीचा एक घोटाळा आहे. (आम्ही येथे दुसऱ्याच्या मूलपेशी घेऊन केलेल्या रोपणाविषयी बोलतो आहोत, स्वतःच्याच पेशी परत देण्याची रीत निराळी.) आपणांस वाटते की, तीव्र औषधांनी रोगट मज्जा जाळली, जागी निरोगी पेरली, की काम झाले. वस्तुतः त्या औषधांतूनही काही रोगपेशी निभावतात. त्यांना हुडकून मारतात त्या दात्याकडून आलेल्या पहारेकरी पेशी, म्हणजे टी-लिंफोसाइट. हुबेहूब जुळ्या भावाची मज्जा सर्वांत सोयीची वाटेल. पण ल्युकेमियात अशा रोपणानंतर दुखणे अधिक वेळा उलटते असे आढळले. जुळ्याच्या पहारेकऱ्यांना रोगपेशी घरच्याच वाटतात!

तेव्हा दुखणे उलटले म्हणजे पहारा ढिला पडला, किंवा चोराने वेश पालटला. उपचारही त्याच धोरणाने चालतो. दात्याच्या पेशींनी रुग्णाच्या शरीरावरच उठू नये म्हणून दिलेली औषधे, प्रकृतीस मानवेल तशी, कमी करतात. दुसऱ्या औषधांनी रोगाचा जोर उतरवितात. मग दात्याला पुन्हा बोलावून, यंत्राने त्याच्या रक्तातील लिंफोसाइट वेगळे काढून रुग्णास देतात. म्युनिकचे हान्स-योखेम कोल्ब यांनी १९९० साली जीर्ण मायलॉइड ल्युकेमिया उलटलेल्या तीन रुग्णांवर, इंटरफेरॉनच्या जोडीने, हा उपाय यशस्वी झाल्याचे प्रसिद्ध केले. तीव्र ल्युकेमियात मात्र तो तितका गुणकारी नाही. तो रोग पहारेकऱ्यांना जमवाजमव करण्यास उसंतच देत नाही. मात्राही बेतानेच द्यावी लागते. बहुधा दर किलो वजनामागे दहा लाख ते एक कोटी पेशींपासून आरंभ करून, आठवड्यांच्या अंतराने ती वाढवितात. कारण हेच पहारेकरी रुग्णाची त्वचा, आतडी आणि यकृत यांवरही हात टाकतात, आणि ते दुखणेही जिवावर बेतू शकते.

सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळणी होण्याचा संभव चारांत एक. म्हणून हल्ली आई, वडील किंवा मूल यांच्याकडून अर्ध्या जुळणीचे रोपण पुष्कळदा होते. तेथे रोगपेशी एक विलक्षण लबाडी करतात. ज्या न जुळणाऱ्या खुणेवरून पहारेकरी त्यांना ओळखतो, ती खूणच त्या टाकून देतात. इटलीतील संशोधकांनी २००९ साली हे दाखविले. अशा वेळी त्याच दात्याच्या पेशी पुन्हा देणे व्यर्थ. म्हणून आधी तपासणी करावी व गरज पडल्यास दुसरा दाता पाहावा.

बी-पेशींच्या ल्युकेमियात व लिंफोमात आणखी एक वाट आहे. रुग्णाचे टी-लिंफोसाइट काढून, रोगपेशीवरील सीडी-१९ ही खूण ओळखणारे जनुक त्यांत घालून ते परत देतात. मौज अशी की, रोपण झालेल्या रुग्णात या पेशी मुळात दात्याच्याच वंशाच्या असतात. पवईची आय.आय.टी. आणि टाटा स्मारक यांच्या सहकार्यातून निघालेल्या ‘नेक्सकार-१९’ या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारी मान्यता मिळाली. परदेशी उपचाराच्या मानाने खर्च सुमारे एक दशांश. तरीही तो लाखांच्या घरात जातो, आणि मध्यमवर्गीय कुटुंबाला हा आकडा दिलासा म्हणून सांगणे आम्हांस जड जाते. शिवाय गुण येतो तो सर्वांनाच टिकतो असे नाही, आणि तीव्र मायलॉइड ल्युकेमियाला हा उपाय लागूच पडत नाही.

पहिल्या सहा महिन्यांत उलटलेले दुखणे सर्वांत अवघड. दोन-तीन वर्षांनी उलटले आणि प्रकृती धडधाकट असेल, तर दुसऱ्या रोपणाचाही विचार होतो. कधी शरीर थकलेले असते; तेव्हा त्रास कमी करणारी शुश्रूषा पत्करणे हाही वैद्यकीय निर्णयच आहे, माघार नव्हे.

रक्तात दात्याच्या पेशींचे प्रमाण किती, हे दाखविणारी तपासणी असते. बरे वाटते म्हणून ती चुकवू नये. पुष्कळदा हे प्रमाण लक्षणे दिसण्यापूर्वीच घसरू लागते, आणि दात्याला पुन्हा बोलावण्यास सवड असते ती त्याच वेळी.