सुपरहिरो उडाला, बिल कोणाला?

इमारत कोसळली, गाड्या चक्काचूर, हिरो केप झटकून भुर्र! पण मलबा कोण उचलतं, माहीत आहे का?

मलब्याचं टेंडर
मार्व्हल कॉमिक्समध्ये त्यासाठी खास कंपनीच आहे, ‘डॅमेज कंट्रोल’! ‘स्पायडर-मॅन: होमकमिंग’मध्ये (२०१७) याच नावाचं सरकारी खातं एका कंत्राटदाराचं मलब्याचं काम काढून घेतं. गडी पेटतो, पंख लावतो आणि व्हिलन ‘व्हल्चर’ होतो. टेंडर गेलं की माणसाचं गिधाड होतं, अगदी शब्दशः!

वाचवलंत? कोर्टात भेटू!
‘द इन्क्रेडिबल्स’मध्ये (२००४) जीव द्यायला निघालेल्याला हिरो झेलतो. आभार? छे, थेट केस! मग खटल्यांची रांग लागते आणि सगळे सुपरहिरो घरी बसतात.

गायब, पण चाचपडत
‘मिस्टर इंडिया’ (१९८७) लाल प्रकाशात दिसतो, हे पोराटोरांनाही ठाऊक. खरी गोची माहीत आहे का? डोळ्याच्या पडद्यावर प्रकाश अडला तरच दिसतं. माणूस आरपार झाला, तर प्रकाश अडणार कुठे? म्हणजे हिरो ठार आंधळा. मोगॅम्बो डबल खुश!

धरण फुटलं, साहेब आले
१९७८चा ‘सुपरमॅन’ दगड ढकलून पूर अडवतो. आपल्या गोसेखुर्द धरणाला दरवाजे ३३, आणि पाणी सोडण्याआधी वैनगंगेकाठच्या गावांना इशारा. सुपरमॅन कधी दवंडी देतो का?

मालेगावचा उडता कामगार
मालेगावच्या नासिर शेख यांच्या देशी सुपरमॅन-सिनेमाचा हिरो होता यंत्रमागावरचा काडीपैलवान शफीक. फैजा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात सगळी धमाल आहे. शूटिंगमध्ये कॅमेराच पाण्यात पडतो! पडद्यावर शफीक तंबाखूशी लढला. पडद्याबाहेर त्याला कर्करोगाने नेलं. तिथे रीटेक नव्हता.

थॅनोस भंडाऱ्यात
२०११च्या जनगणनेत भंडारा जिल्हा किती माणसांचा, माहीत आहे का? १२,००,३३४! चुटकीसरशी अर्धी सृष्टी पुसणारा मार्व्हलचा व्हिलन थॅनोस; त्याची एक चुटकी, उरले ६,००,१६७. आणि चुटकी ऐन रोवणीत वाजली तर? बांधीत वाकलेल्या बायांची रांग अर्धी गुल, पऱ्ह्यांच्या पेंढ्या चिखलात तशाच. ‘अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम’मध्ये (२०१९) पाच वर्षांनी सगळे परत येतात, टाळ्या! पण भाऊ, पंगतीत सहा लाख पानं वाढली आणि कोठीत धान अर्ध्यांपुरतंच. हे बिल, थॅनोसराव, कोणाच्या नावावर फाडायचं?