शंभर जीबी डिलीट केलं, जागा मात्र तेवढीच! : बॅकअप आणि डीडुप्लिकेशनचा हिशोब



शाळेच्या बॅकअप सर्व्हरवरची जागा संपत आली की उपाय ठरलेला असतो, जुनं काहीतरी डिलीट करा. मग शंभर जीबी डिलीट होतं आणि रिकामी जागा पाहावी तर जवळपास होती तेवढीच! डिस्क बिघडली असं समजून नवी मागवण्याआधी हा हिशोब नीट पाहू या.

आधी सोपा भाग. नवीन १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दाखवते. यात दुकानदाराची लबाडी नाही. डिस्क बनवणारे १००० च्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या पटीत. नाव मात्र दोघंही ‘जीबी’च वापरतात. एक लाख कोटीला १०२४ ने तीनदा भागून पाहा. (घातांक शिकवताना हे उदाहरण मुलांना फार आवडतं.)

खरा घोळ डीडुप्लिकेशनचा. म्हणजे एकसारखा डेटा डिस्कवर एकदाच ठेवायचा. विंडोज सर्व्हरमध्ये ही सोय आहे. ती फाइलचे साधारण ३२ ते १२८ केबीचे तुकडे पाडते. एखादा तुकडा आधीच साठवलेला असेल तर दुसऱ्यांदा ठेवत नाही, फक्त तो कुठे आहे याची नोंद ठेवते. हे काम फाइल कॉपी करताना होत नाही, मागाहून होतं. म्हणून नवा डेटा टाकल्यावर जागा आधी भराभर संपते आणि नंतर आपोआप वाढलेली दिसते.

आता समजा, गॅदरिंगचा ५ जीबीचा एकच व्हिडिओ २० शिक्षकांनी आपापल्या फोल्डरमध्ये ठेवला. फाइलींची बेरीज १०० जीबी, पण डिस्कवर गेले साधारण ५ जीबी. (फाइल तंतोतंत तीच हवी हं! व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली प्रत दाबून लहान केलेली असते, ती वेगळीच धरली जाते.) यातल्या १९ प्रती काढल्या तर कागदावर ९५ जीबी गेले. डिस्कवर किती मोकळे झाले? जवळजवळ शून्य. कारण विसावी प्रत अजून त्याच तुकड्यांवर उभी आहे. तीही काढली तरी जागा लगेच मिळत नाही. कोणालाच नको असलेले तुकडे झाडून काढायचं काम वेगळं असतं, त्याला गार्बेज कलेक्शन म्हणतात. मूळ सेटिंगमध्ये ते आठवड्यातून एकदा, शनिवारी पहाटे चालतं. सोमवारी डिलीट करून मंगळवारी जागा शोधू नका. घाई असेल तर हे काम हाताने सुरू करता येतं, सर्व्हर सांभाळणाऱ्याला तेवढं सांगा. शनिवारनंतरही जागा आली नाही, तर शॅडो कॉपी चालू आहे का ते पाहा. तीही जुना डेटा धरून ठेवते.

फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘साइज’ आणि ‘साइज ऑन डिस्क’ असे दोन आकडे दिसतात. डीडुप्लिकेशन झालेल्या फाइलींचा दुसरा आकडा अगदी नगण्य येतो, कारण तुकडे ‘सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन’ या लपवलेल्या फोल्डरमध्ये असतात. त्यामुळे फोल्डरची बेरीज ड्राइव्हच्या आकड्याशी कधीच जुळणार नाही. जागेसाठी ड्राइव्हचा आकडाच खरा माना.

मग काढायचं काय? ज्याची दुसरी प्रत नाही ते. सीसीटीव्हीचं जुनं चित्रीकरण काढलं तर जागा खरोखर मिळते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्या सर्व्हरवर ३ टीबीच्या फाइली १ टीबीत बसल्या असतील आणि उद्या तो बंद पडला, तर त्या साध्या डिस्कवर परत आणताना पूर्ण ३ टीबी जागा लागेल. २ टीबीची डिस्क हातात असेल तर निकालपत्रकं आणि दाखल्यांचे रेकॉर्ड अर्ध्यावर अडकतील, तेही नेमके दहावीच्या फॉर्मच्या दिवसांत. म्हणून संगणक कक्षाच्या वहीत दर महिन्याला दोन रकाने भरा : फाइलींची एकूण बेरीज आणि ड्राइव्हवर प्रत्यक्ष वापरलेली जागा. राखीव डिस्क घेताना पहिला रकाना दुकानदाराला दाखवा.