मिरचीच्या रोपाचा दोन मिलिग्रॅमचा खुराक

मिरचीचं एक बी तळहातावर घेतलं तर त्याचं वजन जाणवतसुद्धा नाही. ते भरतं जेमतेम 5-6 मिलिग्रॅम. एका ग्रॅमात दीडशेच्या वर बिया मावतात. एवढ्याशा बीतून आलेलं झाड पुढे सोलापूरच्या उन्हात महिनोन् महिने तोडे देत राहतं. या दोहोंच्या मध्ये असतात रोपवाटिकेतले 35-40 दिवस. त्या दिवसांत रोपाला काय, किती आणि केव्हा मिळालं, यावर पुढचं बरंच काही ठरतं.

बी रुजायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. तोवर वरून खत द्यायची गरजच नसते, कारण तेल आणि प्रथिनांची शिदोरी बीने स्वतःबरोबर आणलेली असते. तिच्यावरच मूळ खाली उतरतं आणि दोन लांबट बीजपत्रं वर येतात. मग त्यांच्या मधून पहिली खरी पानं डोकावतात. शिदोरी संपत आल्याची हीच खूण. पहिलं खत द्यायचं ते या वेळी.

गादीवाफ्यावरच्या रोपाला शेणखताचा आधार असतो. पण आज शेडनेटखाली रोपं वाढतात ती प्रोट्रेमध्ये. एका ट्रेला 98 कप्पे आणि एका कप्प्यात ओलं कोकोपीट भरतं जेमतेम 12 ग्रॅम. नारळाच्या काथ्याचा हा भुसा पाणी उत्तम धरतो, मुळांना हवाही देतो, पण रोपाचं पोट भरेल असं त्यात फारसं काही नसतं. म्हणून झारीतून विद्राव्य खत द्यावं लागतं. बहुधा ते 19:19:19 असतं, म्हणजे नत्र, स्फुरद आणि पालाश प्रत्येकी 19 टक्के.

आता हिशेब करून पाहू. लिटरभर पाण्यात 1 ग्रॅम 19:19:19 विरघळवलं आणि ते एका ट्रेला सारखं दिलं, तर एका रोपाच्या वाट्याला नत्र येतं सुमारे 2 मिलिग्रॅम. स्फुरद आणि पालाशही तितकंच. 60 बाय 45 सेंटिमीटर अंतरावर एकरी सुमारे 15 हजार रोपं बसतात, म्हणजे 153 ट्रे. अख्ख्या एकराच्या रोपांना एका वेळेला पुरणारं खत होतं दीडशे ग्रॅमच्या आसपास! लागणीनंतर याच पिकाला खत मोजावं लागतं ते किलोंत.

आणि या दोन-दोन मिलिग्रॅमांचा प्रवास तर थक्क करणारा आहे. त्यातलं नत्र हवेतून आलेलं असतं. हवेतला नायट्रोजन प्रचंड दाबाखाली बांधून अमोनिया करायचा पहिला मोठा कारखाना 1913 साली जर्मनीत ओपाऊ इथे सुरू झाला, आणि आजही बहुतेक नत्रखतं त्याच रीतीने जन्म घेतात. स्फुरद येतं ते मुख्यतः प्राचीन समुद्रांच्या तळाशी साचलेल्या खडकांतून, आणि पालाश कोट्यवधी वर्षांपूर्वी आटलेल्या समुद्रांनी मागे ठेवलेल्या क्षारांतून. झारीतल्या त्या पाण्यात आकाश आणि समुद्र दोन्ही असतात.

मग हा खुराक थोडा वाढवला तर रोप जास्त जोमदार होईल का? उलटंच घडतं. मुळांना भरपूर नत्र मिळालं की त्यांच्याकडून सायटोकायनिन नावाचं संप्रेरक वर जातं आणि शेंडा वाढत सुटतो. रोप माजतं, लांबतं, पण बूड बारीक राहतं. नत्र बेताचं असलं की तेच रोप आपली साखर मुळांकडे जास्त वळवतं. खत फारच झालं तर क्षारांमुळे मुळांना पाणी ओढणं अवघड होतं आणि पानांच्या कडा करपतात. बोअरचं पाणी मुळात क्षारयुक्त असेल तर हा धोका आणखी वाढतो. म्हणून लागणीआधीच्या आठवड्यात जाणते रोपवाटिकाचालक नत्र आवरतात आणि पाणीही कमी करतात. पानांवरचा मेणाचा थर जाड होतो, खोड टणक होतं, रोप काटक बनतं.

सोलापूरला हा काटकपणा फार गरजेचा. पाऊस बेभरवशाचा, ऊन कडक. त्यात इथल्या अनेक काळ्या, चुनखडीच्या जमिनींत स्फुरद कॅल्शियमशी जखडून बसतं. ते जमिनीत स्वतःहून फारसं सरकत नाही. मुळालाच त्याच्यापर्यंत पोचावं लागतं, आणि नव्या रोपाची मुळं तर अजून कप्प्याएवढीच असतात. म्हणून लागणीच्या आधी किंवा लागणीच्या वेळी 12:61:00 सारख्या स्फुरदयुक्त खताची हलकी आळवणी केली, तर ते मुळांच्या गड्ड्यासोबतच शेतात उतरतं.

सगळ्यात मोठं नवल मात्र डोळ्यांना दिसतच नाही. मिरचीचं खोड साधारण आठ ते बारा पानं देतं आणि मग त्याचा शेंडाच फुलात बदलतो. तिथून झाड दुभंगतं आणि पुढच्या प्रत्येक फाट्यावर फूल धरतं. त्या पहिल्या फुलाची तयारी शेंड्याच्या आत सुरू होते तेव्हा रोप अजून ट्रेमध्येच असतं. म्हणजे आपण ज्याला पाणी घालतो आहोत, त्या बोटभर रोपात पहिल्या तोड्याची मिरची आकार घेऊ लागलेली असते.

म्हणून रोपं आणायला जाल तेव्हा उंचीला भुलू नका. एखादं रोप कप्प्यातून हळूच काढून पाहा. बूड जाड, पेरं आखूड, पानं मध्यम हिरवी आणि मुळं पांढरी, गड्डा घट्ट धरून असलेली दिसली तर तेच रोप घ्या. आणि घरी रोपं तयार करत असाल, तर खऱ्या पानांची वाट पाहा, खत लिटरला ग्रॅमभरच ठेवा आणि शेवटच्या आठवड्यात हात आखडता घ्या. मिरचीच्या रोपाला भरपूर खतापेक्षा वेळेवर दिलेलं थोडं खतच मानवतं.