एल पासोची बोलती बखर

टेक्सासचं एल पासो आणि मेक्सिकोचं सिउदाद हुआरेझ ही शहरं नदीच्या दोन काठांवर इतकी खेटून आहेत की, पूल पायी ओलांडून माणसं कामाला, बाजाराला, नातलगांकडे जातात. करारमदार सरकारी दप्तरात असतात. ही रोजची ये-जा तिथे कोण नोंदवणार? एल पासोतल्या टेक्सास विद्यापीठाने त्यासाठी १९७२ मध्ये मौखिक इतिहास संस्था काढली. मेक्सिकन क्रांती पाहिलेल्यांपासून सीमारक्षकांपर्यंत अनेकांच्या आठवणी तिथे ध्वनिमुद्रित आहेत, काही स्पॅनिशमध्ये, काही इंग्रजीत.

माझ्या मते या संग्रहाचं खरं मोल 'ब्रासेरों'च्या मुलाखतींत आहे. महायुद्धात अमेरिकेच्या शेतांवर माणसं कमी पडली, तेव्हा १९४२ मध्ये मेक्सिकोशी करार झाला. मुदतीच्या बोलीवर नेलेले हे मजूर म्हणजे ब्रासेरो. १९६४ पर्यंत सुमारे ४६ लाख करारपत्रं झाली. एकेकाने अनेक खेपा केल्यामुळे माणसं त्याहून कमी. भरतीच्या वेळी तळहातावरचे घट्टे तपासायचे. मऊ हाताचा शेतकरी कसला! मग सीमेवर कपडे उतरवून अंगावर डीडीटीची भुकटी. छायाचित्रकार लिओनार्ड नडेल यांनी १९५६ मध्ये टेक्सासच्या हिडाल्गो केंद्रात हे टिपलं आहे. फोटोत भुकटी दिसते, तोंडाला फडकं बांधलेला फवारणारा दिसतो. रांगेतल्याला काय वाटलं, ते मात्र त्यालाच विचारावं लागतं.

आणि विचारलं की एकच उत्तर येत नाही, ही तर गंमत. भुकटी मारली तेव्हा आपल्याला ढोर समजल्यासारखं वाटलं म्हणणारा म्हाताराच पुढे त्या कमाईतून बांधलेल्या घराबद्दल, शिकलेल्या पोरांबद्दल अभिमानाने बोलतो, असं या आठवणींत वारंवार होतं. शोषण की संधी, असा सरळ निकाल हवा असलेल्यांची इथे पंचाईत होते. चाळीस-पन्नास वर्षांनी सांगताना सालं मागेपुढे होतात, हेही खरं. पण सालांसाठी दप्तर आहेच.

दप्तरावर सगळं सोपवलं की काय होतं, तेही ब्रासेरोंनी भोगलं. सुरुवातीच्या वर्षांत बचत म्हणून त्यांच्या मजुरीतले दहा टक्के कापून मेक्सिकोच्या बँकांकडे गेले. बहुतेकांच्या हाती ते पडलेच नाहीत. बऱ्याच आंदोलनांनंतर २००५ मध्ये मेक्सिकोने प्रत्येकी ३८,००० पेसो द्यायचं ठरवलं. त्यासाठी पुरावा म्हणून जुनी कागदपत्रं मागितली, आणि ती कित्येकांपाशी उरली नव्हती.